डोळ्यांच्या उंचीवरची किताब

"ढिल्ला सोड."

चाचींच्या तोंडचं पहिलं वाक्य हेच असायचं. तुम्ही त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून हात पुढे केलात, की त्या तुमचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेत, अंगठ्याच्या बुडाशी एकदा दाबून बघत आणि म्हणत, "ढिल्ला सोड, बाई. मी काय तोडून नेत न्हाई." माप विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे. सव्वादोन की अडीच, असा प्रश्न एखाद्या नवख्या गिऱ्हाइकानं काढलाच तर चाचींना तेवढ्यापुरतं ऐकू यायचं नाही. मागच्या खणातून नेमकी जोडी निघायची आणि तुम्ही सासूची तक्रार सांगत असतानाच मनगटात जाऊन बसायची.

हात आखडून धरणाऱ्या बाईचा मात्र त्यांना राग येई. "भ्याली की बोटं लाकडं होतात. मग बांगडी वाढते आन् नाव माझं जातं." बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, ही रीत त्या हिंदू-मुसलमान सगळ्यांच्या दारात सारखी पाळत.

आता अशी बांगड्यावाली तुमच्याही गावात असेल. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? सांगण्यासारखं हे आहे, की आमच्या चाची बांगड्यांसारखीच माणसाच्या मापाची पुस्तकं काढून द्यायच्या. आणि तीही अरबी भाषेतली.

हिंगोलीत आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. यजमान शेतीच्या मागे असतात, त्यामुळे गल्ल्यावर मीच. आमच्या दुकानाला लागून चाचींचं बांगड्यांचं दुकान होतं. मध्ये एक भिंत, पण ती नावापुरती. मी इकडे गिऱ्हाइकावर ओरडले की पलीकडून आवाज यायचा, "हळू गं, माझ्या काचा हालून राहिल्या." मी मुळात फटकळ. त्यांच्याशी पटायचं कारण एवढंच, की त्यांच्यावर ओरडून काही उपयोग होत नसे.

बाजाराच्या दिवशी त्या दुकान बंद करून कनेरगाव नाका, साखरा, पुसेगाव असं फिरत. पुसेगाव माझं माहेर. माझ्या लग्नाचा चुडा त्यांनीच भरला होता. शेजारचं दुकान त्यांचं आहे हे मला हिंगोलीला आल्यावर कळलं, आणि परक्या गावात आपलं माणूस भेटल्यासारखं झालं. गावोगावच्या बाया बांगड्या भरून झाल्यावर त्यांच्या पाया पडत. चाची डोक्यावर हात ठेवून म्हणत, "खुश राव. जोडी सलामत राव."

त्यांचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पुण्यात कंपनीत होता आणि दर फोनला "अम्मी, इकडं ये" म्हणायचा. चाची दर फोनला "येते की" म्हणायच्या आणि फोन ठेवून नव्या मालाचा पुडा फोडायच्या.

अरबीचं वेड त्यांना साठीनंतर लागलं. त्यांच्या मोहल्ल्यात एक शिकवणाऱ्या आपा, म्हणजे ताई, राहायला आल्या. नवऱ्याची बदली हिंगोलीला झाली म्हणून आलेल्या, वयानं लहान, पण बोलण्यात मोठी माया. दुपारच्या वेळी त्या बायकांना अरबी शिकवू लागल्या. आता तुम्हाला वाटेल, मुसलमानांच्या घरात अरबी येतच असेल. मलाही तसंच वाटायचं. चाचींनी मला समजावलं होतं. लेकरू अक्षर जोडायला लागलं की तिलावत शिकतं, म्हणजे कुराणातले शब्द शुद्ध उच्चारानं म्हणायला शिकतं. सगळं तोंडात येतं, पण प्रत्येक शब्दाचा अर्थ कळतोच असं नाही. अर्थ कुणीतरी सांगायचा आणि आपण ऐकायचा.

"जनमभर ऐकलंच की गं म्या," त्या एकदा म्हणाल्या. त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं आणि त्या माझ्या स्टुलावर येऊन बसल्या होत्या. "अब्बांनी सांगितलं ते ऐकलं, मौलवीसाब सांगतात ते ऐकते. चांगलंच सांगतात. पण एक डाव मला सोताहून वाचायचं हाय. कुणी मतलब न सांगता. एक किताब, पहिल्या पानापासून आखरीपर्यंत, मी एकलीनं. बस. डोळे हायेत तवर."

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत होता. त्यांनी ते हसत सांगितलं, पण मला त्या वेळी हसू आलं नाही.

वर्गात त्या वयानं सगळ्यांत मोठ्या आणि उत्तर द्यायला सगळ्यांत उतावळ्या. चुकलं तर मोठ्यानं चुकायच्या. दोन हिवाळे वर्ग चालला. मग आपांच्या नवऱ्याची पुन्हा बदली झाली. जाताना त्यांनी बायकांना बजावलं, "आता माझ्याकडून नको, किताबेकडून शिका. एकट्यानं वाचा, रोज थोडं वाचा. गोष्ट अशी घ्या की जी आधीपासून माहीत आहे. मग शब्द अडला तरी गोष्ट हात धरून पुढं नेते. अन् पानोपानी अडायला लागलं तर ती किताब तुमची नाही, ठेवून द्या."

आपा गेल्या. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणाला कोणती किताब झेपेल हे ठरवणार कोण?

"मी बघते," चाची म्हणाल्या. "सगळ्यायचे हात माझ्या ओळखीचे हायेत."

हे बोलून त्या मोकळ्या झाल्या आणि पुस्तकं मागवायचं काम माझ्या गळ्यात आलं. शाळेची पुस्तकं मी ज्यांच्याकडून मागवते त्यांच्याच ओळखीनं अरबी पुस्तकांचा एक दुकानदार सापडला. मला अरबीतलं ओ की ठो कळत नाही. फोनवर आलेल्या फोटोंतली जी मला सर्वांत देखणी वाटली ती मी मागवली. जाडजूड, सोनेरी वेलबुट्टीची, हातात घेतली की मनगट दुखावं अशी. मी मोठ्या ऐटीत खोकं उघडून त्यांच्यापुढं ठेवलं.

चाचींनी एक किताब उघडली, मिटली आणि माझ्याकडे बघितलं. "आगं, ही लगनातली साडी हाय. रोज नेसून भाकरी थापायच्या काय हिच्यात?"

"दिसायला चांगली आहेत की!"

"दिसायला हायेत. पण आतल्या अक्षराच्या अंगावर दागिना न्हाई एक."

दागिने म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. अरबी अक्षरांच्या वर-खाली बारक्या रेघा आणि वेलांट्या असतात, त्यावरून शब्द कसा म्हणायचा ते समजतं. जाणत्या माणसाला त्यांची गरज नसते, म्हणून मोठ्या किताबांत त्या छापत नाहीत. नव्यानं वाचणाऱ्याला मात्र त्यांच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. सगळं खोकं परत गेलं. त्यानंतर फोटो आला की मी आधी मोठा करून बघायची आणि भिंतीपलीकडे ओरडायची, "चाची, दागिने आहेत! अक्षरही टपोरं आहे!" रस्त्यावरच्या माणसांना वाटायचं, या दोघींनी सराफा काढला.

मग पातळ पातळ पुस्तकं आली. पैगंबरांच्या गोष्टी, जेवताना-बोलताना कसं वागावं याच्या गोष्टी, सुलेमान पैगंबर आणि मुंगी, युसुफ पैगंबर आणि त्यांचे भाऊ. आणि आमच्या दुकानात, नकाशांच्या गुंडाळ्या आणि पाट्यांच्या ढिगामधल्या स्टुलावर चाचींची परीक्षा सुरू झाली. बाई आली की तिच्या हातात एक किताब द्यायच्या आणि मधलंच पान उघडून म्हणायच्या, "वाच. मोठ्यानं नको, मनातल्या मनात."

बाई वाचायची. चाची किताबेकडे बघतच नसत. त्या बाईच्या कपाळाकडे बघत. दोन भुवयांच्या मध्ये आठी पडली की झटकन किताब काढून घेत. "घट्ट होऊन राहिली. दुसरी घे." कपाळ सैल राहिलं, ओठ हलायचे थांबले आणि बाईनं न सांगता पान उलटलं, की चाची माझ्याकडे बघून मान डोलवत. बसली बरोबर.

चुकायच्या नाहीत असं नाही. मोहल्ल्यात नवीन आलेल्या एका सुनेला त्यांनी अगदी लहान लेकरांची, पानावर एकच ओळ असलेली हत्तीची किताब दिली. पोरगी लाजाळू, मान खाली, चाचींना वाटलं हिला एवढीच झेपेल. दुसऱ्या दिवशी ती पदराआडून हसत आली. "चाची, हत्ती कल रातीच संपला."

"ढिल्ली झाली व्हय?" चाचींना आपण चुकल्याचा इतका आनंद झाला, की त्यांनी तिला जाडी किताब तर दिलीच, वर दोन बांगड्याही भरल्या.

कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावरची एक बाई भाकऱ्यांच्या मधल्या वेळात वाचायची. हात धुवायची, कोरडे करायची, चार ओळी वाचायची, पुन्हा पिठात हात. महिनाभरानं तिनं किताब बदलून मागितली तेव्हा कधी नव्हे ते चाचींनी तिची पाठ थोपटली. मी म्हटलं, "हिची एवढी तारीफ कशाला? बाकीच्याही वाचतच असतील."

"वाचतात की," चाची म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजात मला थोडा घोळ ऐकू आला. पुस्तकं देऊन बरेच दिवस झाले होते आणि बदलून मागायला ढाब्यावरची बाई आणि हत्तीवाली पोरगी सोडून कुणीच आलं नव्हतं.

तेव्हा हळद शिजवायचे दिवस होते. मला माहेरी जायचं होतं. चाची म्हणाल्या, "आधी साखऱ्याला चल माझ्यासंगं, येताना तुला पुसेगावला सोडते." साखऱ्यात पहिल्याच घरी, अंगणात हळद वाळत घातलेली, सासू राखणीला बसलेली, सून आत चहा टाकत होती. चाचींनी बांगड्यांची पेटी खाली ठेवली आणि विचारलं, "काय गं, मुंगी कुठवर आली?"

सुनेचा चेहरा उजळला. "चाची, एकदम सांभाळून ठेवली!" आणि तिनं वर बोट केलं.

आम्ही दोघींनी वर बघितलं. कपाटाच्याही वर, पत्र्याला टेकेल इतक्या उंच फळीवर लाल मखमली पुडकं होतं. सोनेरी गोट लावलेला, वर नाडीची गाठ.

"ते काय हाय?"

"तुमचीच किताब. म्या जुजदान शिवलं तिला."

जुजदान म्हणजे पवित्र ग्रंथाला घालतात ती कापडी पिशवी. चाचींनी पेटीवर हात टेकला. "आन् वाचली किती?"

"रोज सकाळी हातपाय धुऊन वजू करते, स्टुलावर चढते, डोळ्याला लावते आन् परत ठेवते. लेकरायचे हात लागू देत न्हाई."

चाची हसायला लागल्या. हसता हसता पायरीवरच बसल्या. "लेकरायसाठी लिहिलेली मुंगी लेकरायपासून लपवून ठेवली गं हिनं!" मलाही हसू आवरेना. ती बिचारी सून चहाची गाळणी हातात धरून आमच्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या घरी तीच तऱ्हा. तिथलं जुजदान निळं होतं. तिसऱ्या घरी तर दाराच्या पडद्याच्याच कापडाचं शिवलं होतं, उरलेलं कापड वाया जाऊ नये म्हणून. तिसऱ्या घरापाशी चाचींचं हसणं थांबलं.

"चूक माझी हाय," त्या रस्त्यात उभ्या राहून म्हणाल्या. "मापाची किताब देली, पण ठेवायची कुठं ते सांगितलंच न्हाई. अरबी अक्षर दिसलं की आमचा हात आपोआप वर जातो. लहानपणापासून तसंच बघितलंय."

त्या पुन्हा पहिल्या घरी गेल्या. "खाली काढ."

सासू उठून आत आली. "खाली? अल्लाचं नाव हाय त्याच्यात. बेअदबी न्हाई व्हायची?"

"पायाशी ठेव कुठं म्हणते मी? पायाशी नको, छपराशी बी नको." चाचींनी सुनेला पिठाच्या डब्याशेजारी भिंतीला पाठ लावून उभी केली. तिच्या भुवईला आपला आडवा तळहात लावला आणि भिंतीवर कोळशानं खूण केली. "हितं फळी ठोक. डोळ्याच्या उंचीवर. हात धुतला, घेतली, वाचली, ठेवली. स्टूल लागलं की माणूस वाचत न्हाई."

सासूला ते पटलं नाही. चाची वाद घालत बसल्या नाहीत. "तुमच्या मौलवीसाबला इचारा, ते न्हाई म्हणले तर मी किताब वापस नेते." मौलवीसाहेबांनी काय सांगितलं ते पुढच्या बाजारी कळलं. ते म्हणाले होते, अदब करा, आणि वाचणं हीसुद्धा अदबच आहे. फळी ठोकली गेली. आधी तोंड फुगवून बसलेली सासू नंतर सून वाचायला बसली की शेजारी येऊन बसायची आणि विचारायची, "मंग मुंगी काय म्हणली?"

त्या उन्हाळ्यात चाचींनी किती भिंतींवर कोळशाच्या खुणा केल्या कोण जाणे. प्रत्येक घरी वाचणारीच्या मापाची फळी. साखऱ्यातली एक बाई इतकी ठेंगणी, की वाकताना तिच्या नवऱ्याचं कपाळ रोज तिच्या फळीला आपटायचं. त्यानं चाचींकडे तक्रार केली. चाची म्हणाल्या, "मंग तुमीबी वाचा. वाकलेलं कामाला यील." किताबा बदलून मागायला बायका येऊ लागल्या आणि माझ्या दुकानातलं स्टूल पुन्हा रिकामं राहिना.

एवढं सगळं होत असताना मी त्यांना अधूनमधून विचारायची, "चाची, तुमची कुठवर आली?"

"चालू हाय," त्या म्हणायच्या आणि बांगड्यांचा पुडा सोडायला घ्यायच्या.

त्यांनी स्वतःसाठी युसुफ पैगंबरांची गोष्ट निवडली होती. पहिल्या चांगल्या खोक्यातली सर्वांत टपोऱ्या अक्षराची. ती गोष्ट त्यांची फार लाडकी. बांगड्या भरता भरता त्यांनी मला ती कितीदा तरी सांगायला घेतली होती. सावत्र भावांच्या मनात जळफळाट येतो, खेळायला नेतो म्हणून बापाकडून लेकराला घेऊन जातात आणि रानातल्या विहिरीत टाकतात. इथवर आलं की नेमकं गिऱ्हाईक यायचं. "थांब, या बाईला बांगड्या दावते," म्हणून चाची उठायच्या आणि पोरगं विहिरीतच राहायचं. पुढं काय झालं ते मी दुसऱ्या कुणाला तरी विचारून घेतलं होतं, पण चाचींना तसं कधी सांगितलं नाही.

ईदेला मी त्यांच्या घरी शिरखुर्मा प्यायला गेले. एका खोलीचं घर, लख्ख. चुलीशेजारी भिंतीत, बरोबर त्यांच्या भुवईच्या उंचीवर, नवी कोरी फळी ठोकलेली. तिच्यावर खोबरेल तेलाची बाटली आणि कंगवा. माझी नजर वर गेली. छताखाली, जुन्या ट्रंकेच्याही वर, हिरव्या मखमलीचं जुजदान. गोट लावलेला, नाडीची नीट फुलासारखी गाठ.

मी नुसतं वर बोट केलं.

चाचींनी माझ्या हातातली वाटी घेतली, पुन्हा भरली, पुन्हा माझ्या हातात दिली. मग समोर बसल्या.

"भ्या वाटतं गं," त्या म्हणाल्या. "आतापावतर वाटतं की मला कळंल. आपा म्हणायच्या, तुमाला येतं. बायका म्हणतात, चाचीला येतं. आन् उघडली, आन् मला एकलीला काहीच कळलं न्हाई तर? मंग काय राहिलं? वर हाय तवर बरं हाय."

मला त्यांचा राग आला आणि फार माया आली, दोन्ही एकदमच. अख्ख्या तालुक्याच्या भिंतींवर खुणा करणारी ही बाई आपल्याच फळीवर कंगवा ठेवून बसली होती. मी वाटी बाजूला ठेवली, त्यांचा पंजा दोन्ही हातांत घेतला आणि अंगठ्याच्या बुडाशी दाबला. बोटं खरंच लाकूड झाली होती.

"ढिल्ला सोडा, चाची."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही आलं. "आगाऊ हायेस."

"खाली काढा."

"उद्या."

तो उद्या काही आला नाही. मी भिंतीपलीकडून रोज ओरडायची, "काढली का?" आणि पलीकडून उत्तर यायचं, "आज धंद्याचा दिस हाय." कधी डोळा दुखतोय, कधी पाहुणे. बांगडी भरून घेताना भिणाऱ्या बायकांनी जितके बहाणे त्यांना सांगितले असतील, ते सगळे त्यांनी मला ऐकवले. मी त्यांना घाबरट म्हटलं. त्यांनी मला भांडखोर म्हटलं. दोन्ही खरंच होतं.

मग त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मुलानं या खेपेला ऐकलं नाही. पुण्यालाच करायचं आणि नंतर तिथंच राहायचं. चाचींनी उरलेला माल आवरला. शेवटच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर ही गर्दी. साखऱ्याच्या आल्या, नाक्याची ढाब्यावरची आली, माझी आई पुसेगावहून आली. चाचींनी प्रत्येकीचा हात दाबून पाहिला आणि प्रत्येकीला बांगड्या भरल्या. एकीचीही वाढली नाही. मला भरताना म्हणाल्या, "तुझा हात लई कडक. ओरडून ओरडून झाला असंल." मी त्यांचे रिकामे पुडे गोळा करायला लागले.

सामानाचा टेम्पो निघाला. घरमालकांनी मला खोलीच्या खिडक्या लावून कुलूप घालायला सांगितलं होतं. मी आत गेले. खोली रिकामी. डोळ्यांच्या उंचीवरची फळी रिकामी, कंगवाही गेलेला. आणि वर, छताखाली, हिरवं जुजदान तसंच होतं.

विसरल्या. का मुद्दामच ठेवून गेल्या? एवढं बोललेलं, एवढं ठरवलेलं, सगळं इथंच छपराला राहिलं? मी शेजारून स्टूल आणलं, चढले, हात लांब करून पुडकं ओढलं. ते इतकं सहज हातात आलं, की माझा तोल गेला.

आत काही नव्हतं. नुसतं मखमलीचं कापड, आणि नाडीला पुन्हा तशीच फुलासारखी गाठ मारलेली. मी त्या रिकाम्या खोलीत स्टुलावर उभी राहून एकटीच हसले. नंतर थोडी रडलेही, आता सांगायला काय हरकत आहे.

शेजारी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. मुलं चांगली आहेत, पण मी ओरडले तरी पलीकडून काही आवाज येत नाही. बायका अजून किताबा न्यायला येतात. मी त्यांना स्टुलावर बसवते, मधलं पान उघडून देते आणि कपाळाकडे बघते. अक्षर मला अजून कळत नाही, आठी मात्र कळते.

ऑपरेशन नीट झाल्याचं मुलानं कळवलं होतं. बरेच दिवस मी फोन केला नाही, डोळ्याला ताण नको म्हणून. मग एका दुपारी राहवलं नाही. बरीच रिंग झाल्यावर चाचींनी उचलला.

"चाची, मी बोलते. हिंगोलीहून."

"आत्ता नको गं," त्या घाईनं म्हणाल्या. "भावायनं युसुफ अलैहिस्सलामला आत्ताच विहिरीत टाकलं. मागून बोलते." आणि फोन बंद.

मी फोन हातात धरून बसले. एक गिऱ्हाईक वही मागत होतं, त्याला मी पेन दिला. गोष्ट मला ठाऊक होती, त्यांना तर जन्मापासून ठाऊक होती. तरी मला बाहेर बघवेना आणि आत बसवेना. उन्हं उतरली. शाळेची पोरं येऊन गेली. मी हिरव्या कापडाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

सांजेला फोन वाजला.

"निघाले, बाई, निघाले!" चाची ओरडत होत्या, इतक्या मोठ्यानं, की त्यांच्या काचा असत्या तर हालल्या असत्या. "वाटंनं एक तांडा आला. पाण्याला माणूस पाठवला त्यायनं. त्यानं बादली सोडली आन् दोरीला धरून वर आले!"

"हो का? मग?" मी म्हटलं, जणू पहिल्यांदाच ऐकत होते.

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला.

"मला हे कुणी सांगितलं न्हाई आज," त्या म्हणाल्या. "मी वाचलं."